मुखपट्टीचा पुनर्वापर आणि तंतूंवरील विद्युद्भार

इ. स. २०२० च्या मार्च-एप्रिल महिन्यांत करोना विषाणूची साथ जगभर फैलावली, तेव्हा अनेक देशांतील रुग्णालयांत एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. एकदा वापरून टाकून देण्यासाठीच बनविलेली एन-९५ जातीची मुखपट्टी परिचारिका व डॉक्टर यांना दिवसचे दिवस वापरणे भाग पडले. नवी मिळेना आणि जुनी टाकवेना. ती निर्जंतुक करून पुन्हा वापरावी, हा विचार साहजिकच पुढे आला. विषाणूचा नाश करणारी द्रव्ये प्रत्येक रुग्णालयात होतीच. परंतु विषाणूचा नाश करणारा उपाय मुखपट्टीचाही नाश करीत नाही ना, हा खरा प्रश्न होता. आणि मुखपट्टी सूक्ष्म कण कसे अडविते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

मुखपट्टी ही एक बारीक चाळणी होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. तिच्या तंतूंमधील मोकळी जागा विषाणूच्या व्यासाच्या कित्येक पट असते. मोठे कण हवेच्या प्रवाहाबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण ब्राउनी गतीमुळे सैरावैरा भटकत असता तंतूंना चिकटतात. या दोहोंच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉन व्यासाचे कण दोन्ही मार्गांनी निसटू पाहतात. म्हणूनच अशा आकाराचे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, अशी अट या मुखपट्टीस घातलेली आहे. केवळ तंतू दाट करून ती पाळावयाची म्हटले, तर श्वास घेणेच कठीण होईल. यावरील तोड म्हणजे मधल्या थरातील पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंमध्ये कायम विद्युद्भार साठविणे. अशा तंतूंना इलेक्ट्रेट म्हणतात. जवळून जाणारा कण ते स्वतःकडे ओढून घेतात. टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांनी हा भार उच्च विद्युद्दाबाखालील कोरोना विसर्जनाने देण्याच्या तंत्रात मोलाची भर घातली. (येथील ‘कोरोना’ आणि विषाणूचे नाव यांचा संबंध एवढाच, की मुकुट या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून दोन्ही आले.) निवृत्त झालेले त्साय २०२० साली निर्जंतुकीकरणाच्या प्रश्नासाठी पुन्हा प्रयोगात गुंतले, हे उचितच झाले.

आता मद्यार्काचा विचार करू. विषाणूवर तो फार शीघ्र परिणाम करतो. तथापि मद्यार्कात भिजविल्याने तंतूंवरील भार नाहीसा होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी त्स्वी, स्टीव्हन चू प्रभृतींनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मद्यार्कात भिजवून वाळविलेल्या गाळण-थराची कार्यक्षमता सुमारे ५६ टक्क्यांवर आली. क्लोरीनयुक्त द्रावणानेही मोठी घट झाली. साबणाच्या पाण्यानेही भाराची हानी होते. यात विशेष घातक गोष्ट अशी की, कापड पूर्ववतच दिसते आणि त्यातून श्वास घेण्यास लागणारा जोरही जवळजवळ बदलत नाही. स्वच्छ धुतलेली मुखपट्टी लावून रुग्णाजवळ जाणाऱ्या परिचारिकेला आपले संरक्षण निम्म्यावर आले आहे, हे कळण्यास कोणताच मार्ग राहात नाही.

याउलट कोरडी उष्णता बरीच सौम्य ठरली. वरील प्रयोगांतच कमी आर्द्रतेत ८५ अंश सेल्सियस उष्णता २० मिनिटे याप्रमाणे ५० वेळा देऊनही गाळण-क्षमता टिकली. वाफेने मात्र थोड्याच आवर्तनांनंतर ती घसरू लागली. तंतूंवर साचणारे पाण्याचे थेंब भाराला बाधक होत असावेत.

मोठ्या प्रमाणावरील कामासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचे बाष्प अधिक उपयोगी पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २९ मार्च २०२० रोजी ओहायोतील बॅटेल संस्थेस या पद्धतीची आपत्कालीन अनुज्ञा दिली. ज्या मुखपट्ट्यांत सेल्युलोज असते त्या वगळण्यात आल्या, कारण सेल्युलोज हे बाष्प शोषून घेते. जंबुपार किरणांचाही अवलंब झाला. नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्याची पद्धतशीर योजना होती. परंतु किरण सरळ रेषेत जातात. घड्यांच्या सावलीतील भाग आणि आतील थर यांना पुरेशी मात्रा पोहोचत नाही, आणि मात्रा बेसुमार वाढविली तर तंतूंचे बहुवारिकच झिजू लागते.

भार टिकला तरी प्रश्न संपत नाही. मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली नाही, तर हवा कडेने आत शिरते व गाळणीला वळसाच पडतो. पट्टे प्रत्येक वेळी ताणल्याने सैल होतात. म्हणून अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने एक मुखपट्टी पाचापेक्षा अधिक वेळा घालू नये, अशी मर्यादा सुचविली होती. तिनेच सुचविलेली दुसरी पद्धत अगदी साधी होती: प्रत्येकास पाच मुखपट्ट्या द्याव्या, रोज एक वापरावी, आणि वापरलेली हवा खेळणाऱ्या कागदी पिशवीत ठेवून पाच दिवसांनी पुन्हा काढावी. प्लॅस्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला होता. तेव्हा केवळ कालहरणानेच काम भागत होते आणि तंतूंना कोणत्याही द्रव्याचा स्पर्श होत नव्हता.

पुरवठा सुरळीत झाल्यावर, जून २०२१ मध्ये, निर्जंतुकीकरणाच्या या आपत्कालीन अनुज्ञा अमेरिकेत मागे घेण्यात आल्या.