आजोबांचा चेहरा, नातवाचे पाय

महामार्गावर तुम्ही कधी ना कधी नुसता सांगाडा धावताना पाहिला असणार. ना केबिन, ना दारं, ना छप्पर, ना हौदा! पुढे इंजीन, मागे दोन लांबच लांब लोखंडी तुळया, खाली चाकं आणि डोळ्यांवर गॉगल चढवून, तोंडाला फडकं बांधून उघड्यावर बसलेले ड्रायव्हरकाका. कधीकधी तर अशा चार-पाच गाड्या एकामागून एक जातात. त्या कारखान्यातून निघालेल्या असतात आणि बॉडी बांधणाऱ्याकडे चाललेल्या असतात. म्हणजे बघा, बॉडी नसली तरी ट्रक धावतो, वळतो, थांबतो. कारण चालण्याचं सगळं सामान त्या सांगाड्यावरच बसवलेलं असतं. गॅरेजवाले या सांगाड्याला म्हणतात चासी.

आता जरा डोकं चालवा. बॉडी वेगळी आणि चासी वेगळी, तर मग एका ट्रकची बॉडी उचलून दुसऱ्याच ट्रकच्या चासीवर ठेवली तर? आणि तीही सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची बॉडी, तिच्यापेक्षा कितीतरी नव्या चासीवर?

अमेरिकेतली हौशी माणसं अगदी हेच करतात. त्यांची एक आवडती जोडी आहे, तिचीच गोष्ट आज सांगतो.

जोडीतले आजोबा म्हणजे 1947 साली आलेला शेवरोले कंपनीचा 3100 हा छोटा मालवाहू ट्रक, म्हणजे पिकअप. काय देखणा होता म्हणून सांगू! गोल गरगरीत मडगार्ड, फुगीर बॉनेट, पुढच्या जाळीला पाच जाड आडव्या पट्ट्या. मागच्या हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची आणि फळ्यांच्या मधे लोखंडी पट्ट्या. इंजीन सुरू करायचं तर बटण नाही, जमिनीवरचा एक खटका पायाने दाबायचा. पुढे तर पेट्रोलची टाकीही केबिनमध्येच, सीटच्या मागे आली. याच घराण्यातले ट्रक 1955 च्या सुरुवातीपर्यंत तयार होत होते. शेवरोले ही जनरल मोटर्सची कंपनी. या जनरल मोटर्सने 1928 मध्ये आपल्या मुंबईत, शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो 1954 मध्ये बंद झाला. तेव्हा शेवरोले हे नाव तुमच्या पणजोबांनाही ठाऊक असणार.

मग हे आजोबा जसे आहेत तसेच का चालवत नाहीत? चालवतात की, पुष्कळ लोक चालवतात. पण ते जन्मले शेतातल्या आणि गावातल्या रस्त्यांसाठी. अमेरिकेत सगळ्या राज्यांना जोडणाऱ्या मोठाल्या महामार्गांचा कायदा झाला 1956 मध्ये, म्हणजे या ट्रकचं उत्पादन थांबल्यावर. आज त्या महामार्गांवर गाड्या भरधाव जातात आणि पुढची गाडी अचानक थांबली तर आपल्यालाही पटकन थांबावं लागतं. आजोबांचं नेमकं तिथेच अडतं. शिवाय इतक्या वर्षांत कित्येकांची चासी गंजून गेली, इंजीन कुणीतरी काढून नेलं, उरला फक्त पत्रा.

आता नातू. तो त्याच कंपनीचा. त्याचं नाव एस-10. हा पिकअप 1982 ते 2004 या काळात अमेरिकेत खूप खपला. भंगारात निघालेला एस-10 तिकडे सहज मिळतो. दिसायला साधाच, चौकोनी. पण त्याच्या चासीवर पुढे डिस्क ब्रेक आहेत, पुढची दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात, आणि स्टेअरिंग हलक्या हाताने वळतं.

म्हणजे ठरलं, चेहरा आजोबांचा आणि पाय नातवाचे! पण थांबा. बॉडी उचलून ठेवली आणि झालं, असं नाही. सगळी गंमत पुढेच आहे.

पहिला प्रश्न मापाचा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जे अंतर असतं, त्याला व्हीलबेस म्हणतात. आजोबांचा व्हीलबेस 116 इंच, म्हणजे सुमारे 294.6 सेंटिमीटर. एस-10 तीन लांब्यांमध्ये मिळायचा: 108.3 इंच, 117.9 इंच आणि 122.9 इंच. सांगा बरं, यातला कुठला घ्याल?

पहिला घेतला तर चासी जवळजवळ 20 सेंटिमीटर आखूड पडते. म्हणजे ती कापून मधे लोखंडाचा तुकडा जोडायला हवा. तिसरा घेतला तर 17 सेंटिमीटरहून जास्त कापून टाकावं लागेल. मधला 117.9 इंचवाला सगळ्यात जवळचा. फरक फक्त 1.9 इंचांचा, म्हणजे पाच सेंटिमीटरही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? बिघडतं! पुढचं चाक मडगार्डच्या कमानीत बरोबर मधोमध आणलं, की केबिनची जागा ठरून गेली, कारण मडगार्ड केबिनला जोडलेलं. मग मागचं चाक त्याच्या कमानीत पाच सेंटिमीटर मागे जातं. त्यासाठी हौदा मागे सरकवला तर केबिन आणि हौदा यांच्यामध्ये फट वाढते. आणि केबिनमध्ये चढताना ज्यावर पाय देतात ती दोन मडगार्डांना जोडणारी लांब फळी, म्हणजे फूटबोर्ड, मागच्या मडगार्डपर्यंत पोचतच नाही. ट्रककडे नुसतं लांबून पाहिलं तरी काहीतरी चुकलंय हे डोळ्यांना खुपतं.

म्हणून चांगले कारागीर मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, म्हणजे मागचा अ‍ॅक्सलच पुढे सरकवतात. अ‍ॅक्सल ज्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला असतो, त्या पाट्यांच्या पकडी काढून पुढे बसवतात. पण अ‍ॅक्सल पुढे आला की इंजिनाची ताकद मागे नेणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, लांब पडतो. मग तोही तेवढाच कापायचा. कापून पुन्हा जोडला की त्याचं वजन चारी बाजूंनी सारखं आहे ना, हे यंत्रावर फिरवून बघायचं. कारण हा दांडा मिनिटाला हजारो वेळा फिरतो. एका बाजूला जरासं वजन जास्त असलं तरी अख्खा ट्रक थरथरतो. पाहिलंत ना, पाच सेंटिमीटरचा फरक कुठून कुठे पोचला!

मला या सगळ्या कामात सर्वात आवडतं ते केबिन बसवण्याचं काम. त्यासाठी लागणारी हत्यारं अगदी साधी आहेत: टेप, पाणसळ, खडू आणि ओळंबा. हो, गवंडीकाका भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तोच ओळंबा.

चासी आधी सपाट फरशीवर घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवतात आणि पाणसळ लावून आडवी-उभी समपातळीत आणतात. मग तुळयांवरच्या महत्त्वाच्या जागांवरून ओळंबा खाली सोडतात. वजन हलायचं थांबलं, की त्याचं टोक जिथे फरशीला टेकेल तिथे खडूची खूण. असं करत करत जमिनीवर चासीचा नकाशाच तयार होतो. आता दोन खुणा डाव्या तुळईवरच्या आणि दोन उजव्या तुळईवरच्या घ्यायच्या आणि त्यांच्यातली तिरपी अंतरं मोजायची. डावीकडच्या पुढच्या खुणेपासून उजवीकडच्या मागच्या खुणेपर्यंत एकदा, आणि उलट बाजूने एकदा. तुम्ही भूमितीत शिकलात ना, चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, की तो आयत! कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. एक कर्ण लांब आणि एक आखूड आला, तर ती कधीतरी धडक बसून तिरकी झालेली आहे. अशी चासी घ्यायचीच नाही, नाहीतर ट्रक रस्त्यावर खेकड्यासारखा तिरपा चालतो.

मग केबिन चेन कप्पीला टांगून हळूहळू खाली उतरवतात. आणि हमखास ती अडकते! आजोबांच्या चासीच्या तुळया होत्या बऱ्यापैकी सपाट. नातवाच्या तुळया चाकांपाशी वर उचललेल्या आहेत. केबिनची जमीन त्यांच्यावर आपटते. तशीच ठेवली तर ट्रक उंच दिसतो आणि चाकाच्या वर मोठी पोकळी राहते. म्हणून केबिनचा तळ तेवढ्यापुरता कापून तिथे पत्र्याची उंच पेटी वेल्ड करतात, म्हणजे तुळई त्या पेटीत शिरते आणि केबिन खाली बसते. एस-10 चा अ‍ॅक्सल रुंदीलाही कमी, त्यामुळे चाकं मडगार्डच्या आत दबलेली दिसतात. ती बाहेर आणायला वेगळ्या घडणीची चाकं घालतात.

आणखी एक. केबिन चासीला थेट वेल्ड करत नाहीत हं! खड्ड्यातून जाताना चासी थोडी पिळवटते. केबिन तिला घट्ट चिकटलेली असेल तर तीही पिळवटेल, दारं लागणार नाहीत, काच तडकेल, पत्रा फाटेल. म्हणून नव्या पकडी बनवून त्यांच्यावर जाड रबरी गाद्या ठेवतात, आणि मग बोल्ट.

आता ब्रेककडे वळू. आजोबांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक लोखंडी डबा आणि त्याच्या आत घर्षण करणारे दोन शू. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. धावण्याची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. आणि इथे एक भारी गोष्ट आहे. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ताशी 40 किलोमीटरवरून 80 वर गेलात, तर ब्रेकला चौपट उष्णता पचवायची असते. डबा तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. मग पेडल आणखी खोल दाबावं लागतं. घाटात उतरताना तर ब्रेक लागेनासाच होतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरते एक उघडी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. तबकडी वाऱ्यावर असल्याने लवकर थंड होते. तापून फुगली तरी ती पॅडच्या जवळच येते. शिवाय आजोबांच्या चारही ब्रेकना तेल पुरवणारी एकच वाट होती. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. नातवाला दोन वेगळ्या वाटा आहेत, एक निकामी झाली तरी दुसरी काम करते.

फक्त नवं पेडल जुन्या केबिनमध्ये बसवायचं कसं, हा प्रश्न उरतो. आजोबांची पेडलं जमिनीच्या भोकातून वर यायची, नातवाची वरून लोंबतात. कुणी जमिनीखाली नवी पकड बनवतात, कुणी केबिनचा पुढचा पत्रा मजबूत करून पेडल तिथे टांगतात. स्टेअरिंगचंही तसंच. जुना दांडा एकसंध आणि सरळ छातीकडे रोखलेला, धडकेत घातक. नवा दांडा धडक बसली की आत दबतो, म्हणून तोच घ्यावा.

विजेचं थोडक्यात सांगतो. आजोबा 6 व्होल्टचे, नातू 12 व्होल्टचा. 6 व्होल्टचा बल्ब 12 वर लावला की इथेही दुपटीचं चौपट होतं. त्याच्यावर जवळजवळ चौपट ताकद येते आणि तो क्षणात जळतो. म्हणून बल्बांपासून वायरिंगपर्यंत सगळं नवं.

असं काम आपल्या घरच्या मोटारीचं मात्र करता येणार नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसतेच, पत्र्याचा अख्खा डबाच सगळा भार पेलतो. पण आपली एसटी मात्र चासीवर बॉडी बांधलेलीच असते. पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात आणि नागपूरच्या हिंगण्यात एसटीच्या कार्यशाळा आहेत. तिथे चासी येते आणि बस होऊन बाहेर पडते. तिथे तर अमेरिकेच्या उलटं कामही झालं आहे: अ‍ॅल्युमिनियमची जुनी बॉडी उतरवून त्याच चासीवर पोलादाची नवी बॉडी चढवली.

माझं मत विचाराल तर, ज्या आजोबांची चासी आणि इंजीन धडधाकट आहे, त्यांना हात लावू नये. त्यांचे खटके, पाटे आणि ड्रमसुद्धा इतिहास आहेत. पण चासी कुजलीय, इंजीन गायब आहे, नुसता सुंदर पत्रा कुठेतरी पावसात पडलाय, त्याला नवे पाय द्यायलाच हवेत. आपल्या देशात मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत, काही अपवाद सोडून, करता येत नाही.

खेळण्यातल्या गाड्यांना हा कायदा लागू नाही! घरात दोन मोडक्या गाड्या असतील तर त्यांचा व्हीलबेस पट्टीने मोजा, चौकटीचे कर्ण मोजा, आणि एकीची बॉडी दुसरीवर बसते का बघा. किती मिलिमीटर कमी पडले आणि तुम्ही काय युक्ती केली, ते चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा.