हाडासाठी हिरा : कठीणपणाहून पृष्ठभाग मोलाचा

मोडलेले हाड बहुतेक वेळा आपले आपण सांधते. पण अपघातात त्याचा मोठा तुकडा गेला किंवा कर्करोगामुळे तो काढावा लागला, तर ती पोकळी शरीराला स्वतःहून भरता येत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक अनेकदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवतात. त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि मिळणारे हाडही मर्यादित असते. म्हणून संशोधक कृत्रिम सच्छिद्र जाळी बनवू पाहतात. बांधकामाच्या परांचीसारखा तिचा उपयोग : पेशींनी तिच्या आधाराने हाड रचावे आणि काम झाले की जाळी विरघळून जावी. या जाळीसाठी हिऱ्याचे नाव निघाले की त्याचा कठीणपणा आठवतो. प्रत्यक्षात इथे मोलाचा ठरतो तो हिऱ्याचा पृष्ठभाग.

कठीणपणाबरोबर येणारा ताठरपणा तर अडचणीचाच आहे. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा ताठरपणा साधारण 10 ते 20 गिगापास्कल, टायटॅनियमचा सुमारे 110, तर हिऱ्याचा 1000च्या वर. शेजारचा पदार्थ सगळा भार उचलू लागला की हाड झिजते, कारण वापरावाचून ते टिकत नाही. त्यामुळे अखंड हिऱ्याची जाळी कामाची नाही. पातळ लेप किंवा किंचित मिश्रण एवढेच हवे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये पॉलिलॅक्टिक आम्ल या शरीरात विरघळणाऱ्या बहुलकात वजनाने 10 टक्के नॅनोहिरे, म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण, मिसळले. मिश्रणाचा ताठरपणा 200 टक्क्यांहून अधिक वाढला आणि त्याचे गुणधर्म घट्ट हाडाच्या जवळ आले.

पृष्ठभागाची गोष्ट याहून महत्त्वाची. हिऱ्याच्या पृष्ठभागावरील कार्बनला हायड्रोजन जोडला तर तो पाणी झिडकारतो, ऑक्सिजन जोडला तर पाणी धरतो. प्रागमधील संशोधकांनी एकाच हिऱ्याच्या थरावर दोन्ही प्रकारचे सूक्ष्म पट्टे आखले, तेव्हा हाडाच्या पेशी ऑक्सिजनच्या पट्ट्यांवर अधिक पसंतीने रुजल्या. पेशी थेट हिऱ्याला नव्हे, त्यावर आधी बसलेल्या प्रथिनांना धरतात. ती प्रथिने कशी बसावीत हे पृष्ठभाग ठरवतो. याच गुणामुळे बीएमपी-2 हे हाड वाढवणारे प्रथिन नॅनोहिऱ्यांवर धरून ठेवता येते. हे प्रथिन अमेरिकेत 2002 पासून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरले जाते, पण त्याची मोठी मात्रा सुजेसारखे त्रास देते. ते जागच्या जागी राहिले, तर कमी मात्रेत भागण्याची आशा आहे.

हिरा परवडणार कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण हे खाणीतले रत्न नव्हे. बंद पात्रात स्फोटके उडवून चार-पाच नॅनोमीटरचे हिरे कारखान्यात तयार करतात, आणि लेप मिथेन व हायड्रोजन वायूंपासून चढवतात. हिरकणी पोटात गेली की माणूस मरतो, या जुन्या समजुतीलाही आधार नाही. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन आणि रासायनिकदृष्ट्या तो अत्यंत स्थिर आहे. गंभीर आक्षेप वेगळाच आहे : जाळी विरघळेल, हिरे विरघळणार नाहीत. ते कण वर्षानुवर्षे कुठे साठतात, कारखान्यातून आलेली धातूंची अशुद्धी पुरती निघते का, याची उत्तरे प्रयोगशाळेतल्या काही आठवड्यांच्या चाचण्यांतून मिळत नाहीत. म्हणून माझ्या मते सध्या टायटॅनियमसारख्या कायम राहणाऱ्या रोपणावर हिऱ्याचा घट्ट बसलेला लेप हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. विरघळणाऱ्या जाळीतील नॅनोहिऱ्यांना मात्र रुग्णांपर्यंत नेण्याआधी प्राण्यांवरील दीर्घ मुदतीच्या चाचण्यांची कसोटी लावलीच पाहिजे.