लघवी लाल झाली म्हणून टीबीच्या गोळ्या सोडू नका

वस्तीतल्या एका ताईंनी टीबीच्या गोळ्या तिसऱ्याच दिवशी बंद केल्या. लघवी लालसर झाली होती. रक्त जातंय असं वाटून त्या घाबरल्या. चूक त्यांची नव्हती. गोळ्या देताना आम्ही परिचारिकांनी एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन असतं. त्यामुळे लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लाल होतात. त्यानं अपाय होत नाही. मात्र डोळे पिवळे पडले, उलट्या थांबेनात किंवा धूसर दिसू लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी दवाखाना गाठा. या औषधानं कुटुंब नियोजनाच्या गोळ्यांचा असरही कमी होतो. बहिणींनो, दुसरं साधन विचारून घ्या.

औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा नेहमीचा कोर्स 6 महिन्यांचा असतो: पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन. खोकला थांबला, अंगात ताकद आली म्हणून मध्येच सोडलं, तर उरलेले जंतू चिवट होतात. मग उपचार लांबतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात.

दवाखान्यातून निघताना सिस्टरला म्हणा, “कोणती गोळी कधी घ्यायची, ते मी सांगते, तुम्ही ऐका.” चुकलं तर तिथंच दुरुस्त होईल. आम्ही आता प्रत्येक घरी असंच वदवून घेतो. त्या ताईंनीही गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि कोर्स पुरा केला.