टँकमधले रूममेट्स

सोमवारी सकाळी निऑन मोजले तेव्हा नऊ भरले. आणले होते बारा. एक फिल्टरच्या मागे असेल, एखादा झाडात लपला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि लोकल पकडायला पळाले. गुरुवारी सात. अरे, मेलेला मासा तरंगायला तरी हवा ना! वर काही नाही, तळाला काही नाही. रविवारी चारच उरले, तेव्हा कुठे माझं लक्ष माझ्या लाडक्या एंजलच्या टम्म पोटाकडे गेलं.

हा एंजल मी आणला तेव्हा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा होता. स्टेशनजवळच्या दुकानात मी रीतसर विचारलंही होतं, निऑनबरोबर चालेल ना? 'सब चलेगा, मॅडम. कम्युनिटी फिश है!' सहा महिने सगळे गुण्यागोविंदाने नांदले. मग एंजल मोठा झाला, निऑन मात्र तेवढेच राहिले. निऑन वाढून वाढून साडेतीन-चार सेंटिमीटरचा होतो. एंजल पंधरापर्यंत जातो. दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे तसे एका गावचेच. पण तिथेही एंजल छोटे मासे खातोच की. त्यात त्याचा काय दोष?

आपण मासे निवडताना 'शांत' आणि 'भांडखोर' एवढंच बघतो. खरं तर आधी तोंड बघायचं. ज्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं जेवण, इतका सरळ हिशोब आहे. आणि तोंड आजचं नाही, वर्षभरानंतरचं बघायचं. काच साफ करतो म्हणून आपण सगळेच जो 'सकर' आणतो, तो बोटाएवढा असतो तेव्हा गोड दिसतो. पुढे फूटभराच्या वर जातो. दुकानात चांदीसारखा चमकणारा 'शार्क' मिळतो ना? तो शार्क नाहीच, व्हिएतनाम-थायलंडकडच्या नद्यांतला पंगस आहे. नदीत मीटरच्या वर वाढतो. ऑफिसच्या पार्टीत आपण 'बासा' म्हणून जो मासा खातो, तो बहुतेक वेळा हाच! तुमच्या दोन फुटी टँकमध्ये तो काय करणार, तुम्हीच सांगा.

भांडखोरांचंही एक गणित असतं. माझ्या ऑफिसमधल्या मित्राने दोनच टायगर बार्ब आणले, 'कमी आणले तर कमी मारामारी' या हिशोबाने. महिन्याभरात त्याच्या गप्पींच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. टायगर बार्ब हे कळपातले मासे. आठ-दहा असले की आपापसात धुसफूस करतात आणि बाकीच्यांचा बराचसा नाद सोडतात. तरीही लांब शेपटीचा गप्पी किंवा संथ गुरामी त्यांच्या शेजारी ठेवू नयेच. फायटर नर दोन ठेवले तर काय होतं, ते नावातच आहे.

पाण्याचा विचार तर कुणी करतच नाही. मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते मृदू असतं. निऑनला असंच पाणी मानवतं. तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी असेल, ज्यात साबणाला फेस येत नाही तसलं जड, तर गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतील. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि घाणही तो भरपूर करतो. मे महिन्यातल्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाकीच्या गरम पाण्यातल्या माशांबरोबर त्याला कोंबणं म्हणजे निव्वळ छळ. (हो, मीही केलाय. कॉलेजात असताना. त्याबद्दल बोलायला नको.)

मग ठेवायचं काय? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये वाळू-दगड टाकल्यावर साधारण पन्नास लिटर पाणी उरतं. त्याला तीन मजले आहेत असं समजा. माझ्याकडे सध्या मधल्या मजल्यावर आठ हार्लेक्विन रास्बोरा आहेत. तळाला सहा छोटे कोरी, मिशांनी वाळू उकरत फिरणारे. (कोरी एकटा आणू नका, बिचारा कोपऱ्यात बसून राहतो.) वर एकच हनी गुरामी, हा आपल्याकडचाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. बस, एवढेच. जागा रिकामी दिसते, हात शिवशिवतात, पण बस! लाल पट्ट्याचा 'मिस केरळ' पाहिला की माझा अजूनही जीव जातो. पण तो पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांचा, थव्याने पोहणारा मासा, चार फुटांपेक्षा छोट्या टँकमध्ये अडकवण्यासारखा नाही. शिवाय जंगलात त्याची संख्या घटल्यामुळे तो संकटग्रस्त यादीत आहे.

आणि सगळे एकाच रविवारी आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी विषारी असू शकतं. पंधरा मासे एकदम सोडले आणि आठवड्यात निम्मे गेले, तर आपण त्यांचं 'पटलं नाही' म्हणतो. न पटायला ते जगले तर पाहिजेत ना!

उरलेले चार निऑन मैत्रिणीच्या टँकमध्ये गेले. एंजलला पिशवीत घालून मी दुकानात परत नेलं. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, पण घेतला. 'एकदम हेल्दी है, मॅडम,' म्हणत त्याने पिशवी सरळ निऑनच्या टँकमध्ये रिकामी केली.