हंसांची पंगत

बशी रिकामी असेल तरच तिच्यातले हंस दिसतात. शिंपल्यासारख्या उठावाच्या पाण्यात दोन हंस पोहताहेत, लव्हाळ्यात एक बगळा उभा आहे, दुसरा वरून उतरतो आहे. सारे पांढऱ्यावर पांढरे. रंग आहे तो मुख्यतः काठावर, आणि तिथेच यजमानाचे कुलचिन्ह आहे.

जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सेलीन कारखान्यात १७३७ ते १७४१ या काळात घडलेला हा ‘हंस सेट’. १०० पाहुण्यांच्या पंगतीसाठी २,२०० हून अधिक नग!

इतका हव्यास का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. खरे पोर्सेलीन शतकानुशतके चीन-जपानकडून येई आणि ते कसे बनते हे युरोपात कोणालाच ठाऊक नव्हते. सॅक्सनीचा शासक बलवान ऑगस्टस तर त्यापायी वेडा झाला होता. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन १५१ नग घेतले. त्याआधी त्याने सोने करून दाखवण्याची बढाई मारणाऱ्या योहान बोटगर या तरुणाला कैदेत ठेवले होते. शास्त्रज्ञ चिर्नहाउस यांच्या देखरेखीखाली बोटगर मातीकडे वळला. केओलिन नावाची पांढरी माती आणि १,३०० अंशांहून प्रखर भट्टी यांचे गणित १७०८ च्या सुमारास जुळले. सोने नाही, पण सोन्याच्या तोलाची वस्तू हाती आली. १७१० मध्ये कारखाना निघाला, तोही माइसेनच्या टेकडीवरच्या किल्ल्यात, म्हणजे कृती बाहेर फुटू नये.

हंस सेटचा धनी काउंट हाइनरिख फॉन ब्र्यूल हा सॅक्सनीचा सर्वात बलाढ्य मंत्री. कारखान्यावर देखरेखही त्याचीच होती. शिल्पकार योहान योआखिम केंडलर याने त्याच्यासाठी बशा, सुपाची झाकणदार भांडी, मेणबत्तीदाण्या यांवर हंस, शिंपले आणि जलदेवता उतरवल्या. पूर्वी मेजवानीचे टेबल साखरेच्या पुतळ्यांनी सजे. ती जागा आता पोर्सेलीनने घेतली. पाहुण्याने जेवणाआधी यजमानाचा दर्जा पाहावा, अशीच ही मांडणी होती. भांडे इथे अन्नासाठी नव्हते. अन्न भांड्याच्या निमित्ताला होते.

ब्र्यूलच्या घराण्याने हा सेट आजच्या पोलंडमधल्या ब्रोडी इथल्या वाड्यात जपला. १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, त्यातला बराचसा भाग फुटला आणि विखुरला. उरलेले नग आज जगभरच्या संग्रहालयांत रिकामे मांडलेले आहेत, त्यामुळे तळाचे हंस आता कोणालाही दिसतात.