विभाजन, पोटविभागणी आणि रेखांकन : बीड जिल्ह्यातील व्यापारी जमिनींच्या नियमभाषेविषयी

जमिनीच्या विभागणीचे नियम सुलभ करावेत अशी मागणी होते तेव्हा तिचा रोख बहुधा कलमांच्या संख्येकडे असतो. बीड जिल्ह्यापुरते पाहिले तर व्यापारी उपयोगाच्या जमिनीची अडचण कलमांपेक्षा संज्ञांत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निजामी अमदानीत येथील दप्तराची भाषा उर्दू होती आणि महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे सुमारे इ. स. १९०७ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात आला. मुंबईचा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता त्याला लागू झाली. परिणामी एकाच जमिनीच्या कागदपत्रांत तकसीम, वाटणी, हिस्सा, फाळणी, विभाजन, पोटविभागणी असे शब्द एकामागून एक भेटतात. ‘पोटहिस्सा’ तर मराठी आणि अरबी यांचा समासच होय. शब्दांच्या या विपुलतेत वाईट काही नाही. मात्र त्यामुळे तीन भिन्न क्रिया एकच भासू लागतात.

पहिली क्रिया मालकीची : संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहधारकांत धारण जमिनीचे विभाजन. दुसरी मोजणीची : कलम ८७ प्रमाणे भूमापन क्रमांकाची पोटविभागणी. तिसरी नियोजनाची : रस्ते, मोकळी जागा, सामासिक अंतरे दाखवून केलेले रेखांकन. बोलीत तिन्हींना ‘जमीन फोडली’ असेच म्हणतात.

असे समजू की धुळे-सोलापूर महामार्गालगत, गेवराई किंवा चौसाळ्याजवळ, तीन भावांची एक एकर जिरायत जमीन आहे आणि तिच्यावर त्यांना दुकाने काढावयाची आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास १३ गुंठ्यांहून किंचित अधिक जमीन येते. २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० आर ठरविले असल्याने हे तिन्ही भाग कायद्याच्या दृष्टीने ‘तुकडे’ ठरतात आणि विभाजन तेथेच अडते. आराखड्यात ती जमीन वाणिज्य उपयोगासाठी दर्शविली असेल तर हे बंधन सुटते. पण मग २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पुढे येते. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. एकर भरतो ४०४७ चौरस मीटर. म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर प्रथमच गेले, आणि मागच्या भावास रस्ता द्यावयाचा तो निराळाच. समान तीन भाग कोणत्या क्षेत्राचे, हा प्रश्न घरात वाटणी होते तेव्हा कोणी विचारीत नाही. तंटा पुढे होतो, आणि तो प्रायः दर्शनी बाजूवरून होतो.

‘तुकडा’ या शब्दानेही घोटाळा होतो. व्यवहारात कोणताही लहान भाग तुकडाच. कायद्यात मात्र प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तेवढाच. मापांचेही तसेच. आर आणि गुंठा समान धरण्याची सवय वर्तमानपत्रांनाही आहे. वस्तुतः २० गुंठे २० आरांहून सुमारे २३ चौरस मीटरांनी मोठे असतात. बाजारपेठेत एवढ्यात एक दुकान उभे राहते.

नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने निवासी, वाणिज्य व औद्योगिक क्षेत्रांतील १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्काविना नियमित मानण्याची तरतूद केली. ही सवलत मोठी खरी. परंतु तिने तुकडेबंदीचा दोष निघतो, रेखांकन आपोआप मंजूर होत नाही. ‘नियमित’ या एका विशेषणातून वाचक दोन्ही अर्थ काढतो, आणि त्यात त्याचा दोष फारसा नाही.

म्हणून अर्जाच्या आरंभीच तीन क्रियांपैकी कोणती अपेक्षित आहे हे विचारावे, आणि विभाजनापूर्वी आराखड्यातील उपयोग पाहावा असे तेथेच नमूद करावे. ‘तुकडा’ या शब्दाशेजारी त्याचे क्षेत्र आरांत व गुंठ्यांत लिहावे. रेखांकनास कार्यालये कधी ‘अभिन्यास’ही म्हणतात, बीडच्या बाजारात मात्र सर्वजण ‘लेआउट’ म्हणतात. अर्जावर ‘रेखांकन’ या शब्दाखाली तोही छापण्यास हरकत नसावी.