उशिरात दडलेली दिशा

दिल्ली-चेन्नई असो की मुंबई-कोलकाता, नागपूरच्या डोक्यावरून जाणारी कितीतरी विमानं इथं उतरतच नाहीत. पण इथल्या सोनेगाव विमानतळावरच्या व्हीओआर या दिशा सांगणाऱ्या रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी लावली, की वैमानिकाला मोर्समध्ये त्याचं नाव ऐकू येतं: एनएनपी. डा-डिट, डा-डिट, डिट-डा-डा-डिट. नावाची खात्री पटल्याशिवाय दिशेच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा शिरस्ता.

खरी गंमत पुढं आहे. या केंद्राला विमान दिसत नाही, ते कुणाला काही विचारतही नाही. तरी प्रत्येक विमानाला आपण नेमके कोणत्या दिशेला आहोत हे कळतं. कसं? केंद्र एकाच वेळी दोन ठेके धरतं, दोन्ही सेकंदाला ३० आवर्तनांचे. पहिला सगळीकडे सारखाच पोचतो. दुसरा दिशेगणिक थोडा थोडा मागं पडत जातो. भजनात दोन टाळकऱ्यांची लय एक, पण एकाचा टाळ जरा उशिरा पडावा, तसं. चुंबकीय उत्तरेला दोन्ही ठेके एकदम पडतात. भंडाऱ्याच्या बाजूला, ऐन पूर्वेला, दुसरा सुमारे ८.३ मिलिसेकंद मागं. अमरावतीकडे, पश्चिमेला, २५. विमानातलं यंत्र हा उशीर मोजतं आणि तोच अंशांत दाखवतं. दिशा म्हणजे चक्क उशीर!

अंतरही उशिरावरूनच कळतं. त्यासाठी डीएमई नावाचं वेगळं यंत्र. विमान स्पंदनांची जोडी पाठवतं, जमिनीवरचं यंत्र मुद्दाम ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं. ते वजा केलं, की प्रत्येक सागरी मैलाच्या जाण्यायेण्याला १२.३६ मायक्रोसेकंद. केंद्राच्या बरोबर वर आल्यावर दिशेचा काटा गोंधळतो, आणि ३६,००० फुटांवर डीएमई शून्य नव्हे, जवळपास ६ सागरी मैल दाखवतं. बरोबरच आहे, ती उंचीच तेवढी!

नागपूरला विमानांचं अप्रूप नवं नाही. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल विमानं मध्यरात्री इथं जमायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परतायची. त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या रेडिओ केंद्राकडे वळणारी दिशादर्शक सुई वादळात विजेच्या ढगाकडेच बोट दाखवायची, म्हणजे जिथं जायचं नाही नेमकं तिथं! व्हीओआरच्या लहरींना तो त्रास फारसा नाही.

आता जीपीएस आलं. पण उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण, की तो दडपता येतो, खोटाही पेरता येतो. म्हणूनच अमेरिकेनं शेकडो व्हीओआर बंद करायला घेतले, तरी उरलेल्यांचं जाळं मुद्दाम राखलं आहे.